मे महिन्यात क्वीन्सलँडचे धबधबे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मुलगा आणि सून नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या केर्न्सला असतात. मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे जाणार आहोत. मुलाने शनिवारी एका दिवसात बॅरन, मलांडा, मिल्ला मिल्ला, झिली, एलिंजा आणि जोसेफिन असे सहा धबधबे दाखवायचं ठरवलंय. हिचे गुडघे दुखतात आणि मला घाटात गाडी लागते. जमेल का?

उत्तर: जमेल हो, न जमायला काय झालं! सकाळी सहाला निघालात आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं थांबलात तर सहाच्या सहा होतील. रात्री फोटो बघताना मात्र कुठला कुठला ते ओळखता येणार नाही. बॅरन आधी वजा करा. तो कुरांडा गावाच्या बाजूला, उलट्या दिशेला आहे. त्याच्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा. उरलेल्या पाचांना दोन दिवस द्या आणि मधली रात्र वर अ‍ॅथर्टनच्या पठारावर काढा.

आता तुमचं पोट. केर्न्सहून पठारावर जायला सगळेजण गिलीजचा घाट सांगतात. गॉर्डनव्हेलपासून वर १९ किलोमीटरांत २६३ वळणं आहेत. गाडी लागणाऱ्या माणसाला तिकडून नेऊ नये. त्याऐवजी ब्रूस हायवेने दक्षिणेला इनिसफेलपर्यंत जा आणि तिथून पामरस्टन हायवेने वर चढा. अंतर वाढतं, पण हा चढ बेताबेताने येतो आणि दोन्ही बाजूंना वर्षावन असतं. १९८८ साली जागतिक वारसा ठरलेलं क्वीन्सलँडचं हेच ते ओलं जंगल. वाटेत मामू स्कायवॉकला थांबा. २००६च्या लॅरी चक्रीवादळात जंगलाचा जो पट्टा आडवा झाला, त्याचा उपयोग करून ही उंचावरची पायवाट बांधली आणि २००८ मध्ये खुली केली. चाल सोपी आहे. टोकाच्या मनोऱ्याचे जिने वहिनींनी चढले नाहीत तरी काही बिघडत नाही.

मिल्ला मिल्ला, झिली आणि एलिंजा हे तिघे १७ किलोमीटरच्या एकाच फेऱ्यावर आहेत. हायवेवरून आत वळायचं आणि पुन्हा हायवेलाच लागायचं. मिल्ला मिल्ला वहिनींसाठीच केल्यासारखा आहे. गाडी लावली की समोर. साधारण १८ मीटर उंचीची एकसंध धार, मागे काळा बेसाल्ट, खाली गोल डोह. सह्याद्रीतलाच दगड, फक्त वयाने कितीतरी लहान. दुपारी सहलीच्या बसगाड्या येतात, म्हणून सकाळी लवकर जा. स्वच्छतागृह इथे आहे, पुढे असेलच असं धरून चालू नका. झिली वरच्या बाजूने, कठड्यापाशी उभं राहून बघायचा. तिथून खाली जाणारी निसरडी वाट तुमच्यासाठी नाही. एलिंजाला उतरल्याशिवाय मजा नाही आणि उतार ओला असतो, तेव्हा तो सरळ गाळा. मुलगा-सून उतरतील, तुम्ही थर्मासमधला चहा घ्या.

मुक्कामाला युंगाबरा बरं. संध्याकाळी गावातल्या पीटरसन ओढ्यापाशी जाऊन गप्प उभे राहा. प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा पाण्यातला प्राणी, दिसायची चांगली शक्यता असते. पाण्यावर आधी बुडबुड्यांची रांग दिसते, मग मांजराएवढा तपकिरी प्राणी वर येतो आणि बोट दाखवेपर्यंत खाली जातो. जवळचा पडदा-वड, म्हणजे पारंब्यांचा पडदा झालेलं प्रचंड झाड, लाकडी पुलावरून सपाट चालत बघता येतो. खरं सांगायचं तर मलांडाच्या धबधब्यापेक्षा मी त्याला जास्त वेळ देईन. मलांडा म्हणजे छोटीशी पायरी आहे, वाटेत आहे म्हणून बघायची.

मे महिना मात्र उत्तम निवडलात. पावसाळा साधारण डिसेंबर ते एप्रिल. मेमध्ये आभाळ मोकळं व्हायला लागतं आणि नद्यांना पाणी अजून भरपूर असतं.

प्रश्न: आम्ही चार मित्र. जोसेफिनला खडकावरून घसरत डोहात पडायचे व्हिडिओ पाहिलेत. आम्हालाही करायचंय. आणि मगरींचं काय?

उत्तर: पोरांनो, मगरीची भीती वाटते आणि पाण्याची वाटत नाही, हे उलटं आहे.

मगरीचं आधी उरकते. खाऱ्या पाण्यातली मोठी मगर खालच्या नद्या, खाड्या आणि किनाऱ्यांवर असते. तिथे पोहायचं नाही, काठावर बसायचंही नाही. पाटी नाही म्हणजे मगर नाही, असं तिथलं सरकारही म्हणत नाही. वरच्या पठारावरचे धबधबे हा तिचा मुलूख नव्हे. तरी प्रत्येक ठिकाणची पाटी वाचूनच पाण्यात उतरायचं.

आता जोसेफिन. हा ओढा येतो बार्टल फ्रिअर डोंगरावरून. डोंगर सोळाशे मीटरहून उंच, क्वीन्सलँडमधला सर्वांत उंच. (नाव ओळखीचं वाटलं ना? १८६२ ते ६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता, तोच हा फ्रिअर. साहेबांची नावं कुठे कुठे जाऊन बसली!) समुद्रावरचे ढग या डोंगराला अडतात आणि रिते होतात. पायथ्याच्या बबिंडा गावात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुम्ही डोहात असता, डोक्यावर लख्ख ऊन, आणि वर माथ्यावर तासापूर्वी ढग फुटलेला असतो. ते पाणी खाली पोचायचंच असतं. इथे बुडालेल्यांत चांगले पोहणारेही आहेत, कारण हा पोहण्याचा प्रश्नच नाही.

पाण्यात उतरण्याआधी काठावर पाच मिनिटं बसा आणि फक्त पाणी बघा. स्वच्छ, किंचित हिरवट आणि एकाच आवाजात वाहत असेल तर ठीक. त्यात काड्या, ताजी हिरवी पानं यायला लागली, कडेला तपकिरी फेस जमला किंवा मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला, तर सामान गोळा करत बसू नका. बाहेर पडा. आवाज बदलायची वाट बघू नका. आवाज बदलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

परवानगी असेल आणि पाणी शांत असेल तर खालच्या डोहाशी घसरगुंडी जरूर करा. मजा येते, आणि पाणी मेमध्येही दात वाजवणारं असतं. धबधब्याच्या माथ्याकडचा डोह मात्र बंद आहे. गेलात तर दंड होतो. त्याच रस्त्याला बबिंडाचे गोटे लागतील. प्रचंड गोल दगड आणि त्यांच्यातून वाहणारं निळसर पाणी. वाहनतळाजवळच्या पोहण्याच्या जागेतच राहायचं. खाली डेव्हिल्स पूल नावाचा डोह आहे. तिथे अनेक जणांचे जीव गेलेत, बहुतेक तुमच्याच वयाचे. तो कठड्यामागून बघायचा.

प्रश्न: गेल्या ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्टीत बॅरन धबधब्याला गेलो. फोटोत समुद्र आणि प्रत्यक्षात भिंतीवरून ओघळणारं पाणी! फसवणूकच नाही का ही?

उत्तर: फोटो खरा, तुमची तारीख चुकीची. ऑक्टोबर म्हणजे कोरड्या ऋतूचं टोक. त्यात बॅरन नदीचं पाणी वर टिनारूच्या धरणात शेतीसाठी अडवलेलं असतं आणि खाली घळीत जलविद्युत केंद्र आहे. तिथे १९३५ पासून वीज तयार होतेय. कड्यासाठी उरतं ते तुम्हाला दिसलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगला पाऊस झाल्यावर हाच कडा, जवळजवळ २६० मीटर, असा कोसळतो की समोरच्या सज्जात बोललेलं ऐकू येत नाही. कुरांडाची जुनी रेल्वे त्याच्यासमोर थोडा वेळ थांबते. खांब-तारांचा रोपवेही वरून जातो. ऑक्टोबरातच जायचं असेल तर मिल्ला मिल्लाकडे जा. बेसाल्टचं पठार पावसाळ्यात पाणी पितं आणि कोरड्या महिन्यांत सावकाश सोडत राहतं, त्यामुळे तो वर्षभर वाहतो.

प्रश्न: भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का? रस्ते कसे आहेत?

उत्तर: पर्यटकाला येते. लायसन्स इंग्रजीत हवं. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना असलेला बरा, गाडी भाड्याने देणारे मागतात. गाडी डावीकडूनच चालते, रस्ते चांगले. भाड्याची गाडी कच्च्या रस्त्यावर नेली तर विमा बहुधा मिळत नाही, करार वाचा. जून ते नोव्हेंबर उसाचं गाळप असतं, तेव्हा इनिसफेल-बबिंडा भागात ऊसगाडीचे छोटे रूळ रस्ता ओलांडतात आणि फाटक नसतं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा, मग ते घोट्याएवढं दिसलं तरी.

प्रश्न: जळवा किती असतात? आणि ‘डंख मारणारं झाड’ खरंच असतं?

उत्तर: जळवा पावसात असतातच. त्या मोज्याच्या विणीतून आत शिरतात आणि मोजा लाल झाल्यावरच कळतं. नखाने बाजूने सरकवून काढायची, रक्त थोडा वेळ येतं, काळजीचं काही नाही.

झाडाची मात्र काळजी करा. गिंपी-गिंपी म्हणतात त्याला. पानं मोठी, हृदयाच्या आकाराची, कडा दातेरी आणि बहुतेकदा किड्यांनी खाऊन चाळण झालेली. त्यावरची लव दिसायला मऊ, पण ते काचेसारखे बारीक विषारी केस असतात. त्यांच्यापुढे आपली खाजकुइली परवडली. वेदना आठवडे, कधी महिने परत परत उठतात. हे झाड दाट सावलीत कमी आणि वाटेच्या कडेला, झाड पडून ऊन आलेल्या जागी, ओढ्याकाठी जास्त. म्हणजे नेमकं फोटोसाठी आपण जिथे वाट सोडतो तिथे. लागलंच तर चोळू नका. केस काढायच्या वॅक्सच्या पट्ट्यांनी ते उपटायचे आणि डॉक्टर गाठायचा.

प्रश्न: वॉलमन धबधब्यासाठी वाकडी वाट करावी का?

उत्तर: करावी. एकाच झेपेत २६८ मीटर, बारमाही धबधब्यांत ऑस्ट्रेलियातला सर्वांत उंच. वरचा सज्जा वाहनतळाजवळच आहे, तळाशी जायची वाट मात्र खडी आणि परतीचा चढ दमवणारा. इंगम गावापासून ५० किलोमीटरच्या वर आत जायचं. वरच्या भागात कुंपण नाही, रस्त्यात गुरं उभी असतात आणि काळी गाय अंधारात दिसत नाही. सकाळी निघा, उजेडात इंगमला परत या. पेट्रोल इंगमलाच भरा.