वाचकांचे प्रश्न: हॉक आणि सिएनासाठी दहाव्या पुस्तकापर्यंत का थांबायचं?

मागच्या अंकात पॅरानॉर्मल रोमान्सवर थोडंसं लिहिलं होतं तर त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच जोडीबद्दल निघाली, नलिनी सिंगच्या साय-चेंजलिंग सिरीजमधले हॉक आणि सिएना. म्हणून यावेळी हे पान त्यांचंच.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. गोष्ट सुरू होते 2079 साली, बरीचशी कॅलिफोर्नियात. जगात तीन जमाती आहेत, साधी माणसं, मनाच्या ताकदी असलेले साय, आणि प्राण्याचं रूप घेणारे चेंजलिंग. साय लोकांनी 1979 पासून सायलेन्स नावाचा प्रोटोकॉल लावून घेतलाय, म्हणजे लहान मुलांना पद्धतशीर ट्रेनिंग देऊन त्यांच्यातल्या भावना मारून टाकायच्या. हॉक हा सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या स्नोडान्सर लांडग्यांचा अल्फा, म्हणजे कळपाचा प्रमुख, आणि सिएना लॉरेन ही त्या सायमधून पळून आलेली मुलगी. दोघांचं पुस्तक म्हणजे दहावं, 'किस ऑफ स्नो'.

प्रश्न: ताई, मैत्रीण म्हणाली बाकी सगळं सोड, हॉक-सिएनाचंच वाच. मी थेट दहावं पुस्तक उचललं तर नुसती नावंच नावं, जो तो कोणाचा तरी काका नाहीतर मेव्हणा, आणि लोक ज्याच्यासाठी इतके वेडे झालेत ते मला जाणवतच नाहीये. माझं काही चुकतंय का? (पुणे)

तुझं काही चुकत नाहीये गं, फक्त तुला लग्नाच्या पंगतीला बसवलंय आणि आधीची पाच वर्षं काय काय झालं ते कोणी सांगितलेलंच नाही. पाच वर्षं हे अगदी खरं आहे, पहिलं पुस्तक 'स्लेव्ह टू सेन्सेशन' 2006 चं आणि 'किस ऑफ स्नो' 2011 चं. मधल्या काळात दर पुस्तकात नवीन जोडी, कधी लांडगे कधी बिबटे कधी साय, आणि हे दोघं मात्र कुठेतरी कोपऱ्यात. एखाद्या पुस्तकात तिच्या उद्धटपणावर तो गुरगुरतो, एखाद्यात ती त्याची ऑर्डर धुडकावते, दुसऱ्यात डार्करिव्हर या बिबट्यांच्या कळपातल्या किट नावाच्या तरुण बिबट्याबरोबर ती हसत उभी आहे आणि हॉकचं डोकं फिरलंय, बस इतकंच, पुढे परत दुसऱ्यांची गोष्ट सुरू. आपल्याला तेवढ्यावरच कळतं काय चाललंय ते, कळपातल्या सगळ्यांनाही कळतं, फक्त हॉक स्वतःशी कबूल करत नाही.

मला वाटतं या जोडीचं जे काही आहे ते या कोपऱ्यांतच आहे. दहाव्या पुस्तकात लेखिकेला 'हे दोघं एकमेकांकडे का ओढले जातात' हे सिद्ध करत बसावं लागत नाही, ते आपण आधीच बघितलेलं असतं. तू ते बघितलं नाहीस म्हणून तुला तो नुसता रागीट बॉस आणि ती नुसती हट्टी पोरगी वाटतेय.

सगळी नऊ वाचायला वेळ नसेल तर निदान पहिलं वाच म्हणजे जग कळेल, मग तिसरं 'कॅरेस्ड बाय आइस', ते सिएनाच्या मामाचं म्हणजे जडचं आहे आणि लॉरेन कुटुंब काय आहे ते त्यात नीट कळतं. या कुटुंबातल्या सगळ्यांना, अगदी मुलांनासुद्धा, रिहॅबिलिटेशनची शिक्षा झालेली असते, म्हणजे मेंदू पुसून टाकायचा. तर वॉकर आणि जड हे दोघं भाऊ सिएना, टोबी आणि मार्लीला घेऊन सरळ लांडग्यांच्या हद्दीत शिरतात, कशासाठी, तर लांडगे आपल्याला मारतील पण लहान पोरांना मारणार नाहीत एवढ्या एका आशेवर. आणि साय माणसाचं मन नेटवर्कशिवाय जगू शकत नाही, सगळ्या सायना जोडणारं सायनेट तोडलं की मरण, म्हणून हे पाच जण फक्त आपापसात एक छोटं नेट बांधून जगतायत. पाच मनांचं नेट! हे एकदा डोक्यात बसलं ना की सिएना कुठल्याही खोलीत शिरली की आधी टोबी आणि मार्लीचा विचार का करते ते सांगावं लागत नाही. मग नववं 'प्ले ऑफ पॅशन', आणि मग परत दहावं पहिल्या पानापासून.

प्रश्न: माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि ही पुस्तकं वाचते. तिने दिलं म्हणून मीपण 'किस ऑफ स्नो' वाचलं. हॉक चांगला तिशी ओलांडलेला, वर सगळ्या कळपाचा प्रमुख, आणि सिएना माझ्या मुलीच्या वयाची. याला लव्हस्टोरी म्हणायचं? मला वाचताना सारखं अस्वस्थ होत होतं. (कोल्हापूर)

तुम्ही मुलीने दिलेलं पुस्तक पूर्ण वाचलंत हेच मला फार आवडलं. आणि तुमची अस्वस्थता अगदी रास्त आहे, ती बाजूला सारून 'अहो कादंबरीच आहे ती' असं मी म्हणणार नाही.

एक बघा, हा प्रश्न पुस्तकातल्या माणसांनाही पडलेला आहे. हॉक इतकी पुस्तकं तिच्यापासून लांब पळतो त्याचं मोठं कारण तिचं वय हेच आहे. ती लहान असताना तो काही करत नाही, ती मोठी झाल्यावरही तो स्वतःला थांबवून धरतो, कारण आपण जवळ गेलो तर हिला स्वतःचं असं काही बनायला जागाच उरणार नाही अशी त्याला भीती आहे. तिच्या मागे दोन मामा उभे आहेत, वॉकर आणि जड, आणि जड तर आधी सायच्या मारेकरी पथकातला माणूस, हॉक अल्फा आहे म्हणून तो काही त्याला सोडणाऱ्यातला नाही.

दुसरं म्हणजे ताकद. सिएना कार्डिनल आहे, म्हणजे सायमधली सगळ्यात वरची पातळी, त्यांचे डोळेच वेगळे, काळ्याभोर बुबुळात पांढरे तारे. त्यात ती एक्स-साय, फार दुर्मिळ. तिच्या अंगातून जी थंड आग निघते ती समोरच्याची राख करून टाकते, आणि ही ताकद वाढतच जाते, बहुतेक एक्स त्यातच लहान वयात संपतात. लहानपणी तिला घरातून उचलून मिंग लेबॉन नावाच्या कौन्सिलरच्या, म्हणजे सायवर राज्य करणाऱ्यांपैकी एकाच्या, हातात दिलेलं असतं, त्याने तिला शस्त्र म्हणून वाढवलं. म्हणून तिचं बालपण एकोणीस वर्षांच्या बाकीच्या मुलींसारखं मुळात झालेलंच नाही. हॉकपेक्षा शारीरिकदृष्ट्या धोकादायक कोण असेल तर ती आहे आणि हे दोघांनाही माहीत आहे.

आता जे मला पटत नाही तेही सांगते. ताकद वेगळी आणि अधिकार वेगळा. ती त्याच्या कळपातली सैनिक आहे, पुस्तकाच्या सुरुवातीलाच ड्यूटीवर भांडण केलं म्हणून तो तिला शिक्षा देतो, आणि त्याच माणसाशी पुढे प्रेम, हे जुळवताना लेखिकेला कष्ट पडलेत ते दिसतं. मला आवडलं ते असं की ती शिक्षा सिएना मान खाली घालून पूर्ण भोगते, प्रेमाचा आधार घेऊन सुटका मागत नाही आणि तोही देत नाही. पण दुसऱ्या पुरुषाने तिच्याशी बोललं की गुरगुरणं, ती क्लबमधे नाचायला गेली की मागोमाग जाऊन पोचणं, हे लांडगा आहे म्हणून चालवून घ्यायचं असं पुस्तक म्हणतं आणि मला प्रत्येक वेळी ते चालत नाही.

म्हणूनच मी वर नववं पुस्तक सांगितलं. 'प्ले ऑफ पॅशन' मधे नेमका उलटा मामला आहे, इंडिगो ही हॉकची लेफ्टनंट, वयाने मोठी, हुद्द्याने वरची, आणि तिच्या मागे लागलेला ड्रू तिच्यापेक्षा लहान. इथे कोणाला वाटत नाही की तो मुलगा दबला जाईल, उलट सगळं अवघडलेपण इंडिगोच्या बाजूने. वय आणि हुद्दा यांचा प्रश्न एकदा बाईच्या बाजूने मांडून झाल्यावरच लेखिका हॉककडे वळते, हा क्रम मला मुद्दाम केलेला वाटतो. तुम्ही दोघी मायलेकींनी ते वाचा आणि मग बोला, मुलीला विचारा की ड्रूच्या जागी मुलगी असती तर तुला कसं वाटलं असतं. ती काय उत्तर देते ते मला जरूर कळवा. आणि हो, यातले शरीरसंबंधांचे प्रसंग उघड आणि तपशिलात आहेत, एकोणीस वर्षांच्या मुलीने ते वाचण्यात मला काही वावगं वाटत नाही, शाळकरी पुतणीच्या हातात मात्र देऊ नका.

प्रश्न: हॉकची मेट, म्हणजे नशिबाने ठरलेली जोडीदार, लहानपणीच वारली आणि लांडगा आयुष्यात एकदाच मेट करतो असं पहिल्यापासून सांगितलंय. मग सिएना कायमची दुसऱ्या नंबरवरच ना? मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटतं की पुढे वाचवत नाही. (डोंबिवली)

अर्ध्यावर सोडू नका प्लीज. तुम्ही जिथे थांबलात तिथेच पुस्तकाचा जीव आहे.

हॉक काय गमावून बसलाय ते बघा आधी. सायनी त्याच्या कळपावर लपून प्रयोग केले, त्यातून कळपात रक्तपात झाला, आई-वडील गेले, आणि पंधराव्या वर्षी हा पोरगा अल्फा झाला. त्याच्याही आधी ती छोटी मुलगी गेलेली, जिला त्याच्या लांडग्याने आपली म्हणून ओळखलं होतं. दोघंही लहान होते, प्रेम बिम काही घडायचं वयच नव्हतं, फक्त एक खात्री होती की मोठं झाल्यावर ही आपली. ती खात्रीच गेली. त्यामुळे सायबद्दल त्याला वाटणारा द्वेष आणि आपल्याला आता बॉन्ड मिळणार नाही ही समजूत, दोन्ही घेऊन तो मोठा झालाय, आणि समोर येते कोण, तर साय मुलगी.

मला हॉकमधलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू, तो खोटं बोलत नाही. मेटिंग बॉन्ड म्हणजे चेंजलिंग जोडप्यात मनाला मन बांधणारी गोष्ट, ती मी तुला देऊ शकत नाही असं तो सिएनाला स्पष्ट सांगतो. आणि सिएनाला ते लागतं, खूप लागतं, ती काही संतबाई नाही, गेलेल्या मुलीचा हेवा वाटतो आणि मेलेल्या लहान मुलीचा हेवा वाटतो म्हणून परत स्वतःचीच लाज वाटते. हे इतकं खरं आहे! ज्या घरात पहिलीचा फोटो भिंतीवर आहे त्या घरात दुसरी म्हणून गेलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगायला लागणार नाही. त्यात सिएनाला स्वतःचीच खात्री नाही, आग कधी हाताबाहेर जाईल माहीत नाही, म्हणजे तो म्हणतोय मी तुला पूर्ण देऊ शकत नाही आणि ती मनात म्हणतेय मी तुला फार दिवस देऊ शकत नाही. तरीही दोघं एकमेकांना हो म्हणतात. नशिबाने ठरवून दिलेला जोडीदार ही या सगळ्या प्रकारच्या पुस्तकांमधली सोपी वाट, आणि इथे दोघांना ती वाट बंद आहे म्हणून निवडावं लागतं.

बॉन्डचं शेवटी काय होतं ते मी इथे फोडणार नाही, तुम्ही वाचा. पण हा प्रश्न लेखिकेलाही सोडत नव्हता असं दिसतं, कारण लगेच पुढच्या 'टँगल ऑफ नीड' मधे तिने तो आणखी अवघड करून घेतलाय. तिथे रियाझला त्याची मेट सापडते पण ती दुसऱ्याची सुखी संसारी बायको, आणि त्याच्या आयुष्यात येते एड्रिया. नशिबाने दिलेली एक, स्वतः निवडलेली दुसरी. ते पुस्तक सगळ्यांना आवडत नाही, मला आवडतं. आणि जाता जाता, 'किस ऑफ स्नो' मधेच वॉकर आणि कळपाची हीलर लारा यांची दुसरी गोष्ट हळूहळू चालू असते, मुलीचा बाप असलेला अबोल मध्यमवयीन माणूस आणि त्याच्यासाठी थांबून थांबून कंटाळलेली बाई. हॉक-सिएनाच्या गडगडाटात तिच्याकडे लक्ष कमी जातं, तुम्ही द्या.

प्रश्न: लेखिकेचं नाव आपल्यासारखं आहे, ती भारतातली आहे का? (ऑकलंड)

अहो ती तुमच्याच देशातली! नलिनी सिंग भारतीय वंशाची, जन्म फिजीतला आणि वाढली न्यूझीलंडमधे. सिरीज घडते अमेरिकेत त्यामुळे आपल्या ओळखीचं वातावरण शोधायला जाऊ नका. पण चुलते, मेव्हणे, एकाच्या लग्नामुळे दुसऱ्या कळपाशी जुळलेलं नातं, भांडण झालं तरी पोरांना कोण सांभाळणार हे आधी ठरलेलं, हा जो कुटुंबाचा पसारा आहे तो मराठी वाचकाला परका वाटत नाही एवढं मात्र खरं.

प्रश्न: हॉक-सिएना संपलं, आता अगदी रिकामं वाटतंय. इतकी वाट बघायला लावणारी अजून एखादी जोडी आहे का यात? (नागपूर)

आहे ना, केलेब क्रायचेक आणि सहारा! 'हार्ट ऑफ ऑब्सिडियन', 2013 चं, सिरीजमधलं बारावं. केलेब आधीच्या पुस्तकांमधून सतत भेटत राहतो, थंड, प्रचंड ताकदीचा, हा चांगला की वाईट ते ठरवताच येत नाही, आणि तो कोणालातरी शोधतोय एवढंच हळूहळू कळतं. सात वर्षं शोधतोय. सापडते तेव्हा ती कुठल्या अवस्थेत असते आणि तो तिच्याशी कसा वागतो ते वाचताना मला हॉक थोडा वेळ विसरायला झालं होतं. फक्त मधलं अकरावं गाळू नका, आणि बाराव्याचं मागचं कव्हर किंवा कोणाचे रिव्ह्यू आधी अजिबात वाचू नका, त्यात नको ते कळतं. ते झालं की 2017 च्या 'सिल्व्हर सायलेन्स' पासून ट्रिनिटी नावाचा दुसरा टप्पा सुरू होतो, त्यात केलेबच्या हाताखालची सिल्व्हर आणि एक अस्वल आहे, तिथे जरा हसायलाही मिळेल.