जिवाचा नांगर: शेतातला की समुद्रातला?

प्रश्न असा आला आहे: बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटले आहे. एका उपदेशकांनी त्यावर सांगितले, की दुष्काळ असो वा आजारपण, आपण आपली जमीन नांगरत राहावी, पीक देव देईल, हीच ख्रिस्ती आशा. हा अर्थ बरोबर आहे का? आणि ज्या ‘देवाच्या राज्या’ची आशा धरायची, ते म्हणजे स्वर्गच का?

पहिल्याचे उत्तर: साफ चूक. हा नांगर गलबताचा आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अंकुरा’, म्हणजे जहाज धरून ठेवणारा आकडा. आपला हत्तीच्या माहुताचा ‘अंकुश’ त्याच्याच कुळातला. दोन्हींच्या मुळाशी वाकडेपणा आहे. नांगरणीचा इथे काडीचाही संबंध नाही. हा शेतकी अर्थ मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे आणि दर वेळी वाईट वाटते, कारण त्याने ओळीचा जीवच जातो. नांगरणे हे माणसाचे काम. जहाजाचा नांगर मात्र माणसाचे हात थकल्यावर धरून ठेवतो. ज्यांची मालमत्ता लुटली गेली होती त्यांना हे पत्र लिहिले आहे (दहाव्या अध्यायात तसे स्पष्ट म्हटले आहे). त्यांना ‘आणखी राबा’ असे सांगायचे नव्हते.

आता शब्दाकडे वळतो. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला. पालीत तो ‘नङ्गल’ झाला आणि आपल्याकडे नांगर. समुद्रातला नांगर म्हणजे फारसी ‘लंगर’. काही जण आग्रहाने सांगतात, की दोन्ही माती उकरतात म्हणून शेतकऱ्याच्या अवजाराचे नाव खलाशांनी उचलले. ऐकायला गोड आहे, पण शेजाऱ्यांना विचारा ना! हिंदीत जहाजाचा लंगर आणि शेतातला हल. गुजरातीत लंगर आणि हळ. कानडीत लंगरु आणि नेगिलु. सगळीकडे दोन वस्तूंना दोन शब्द आहेत, आणि जहाजाच्या वस्तूला सगळीकडे लंगरच. मग एकट्या मराठी खलाशालाच शेतात जाऊन शब्द आणावा लागला? झाले एवढेच, की लंगर आपल्या बंदरांत उतरला तेव्हा नांगर हा शब्द आधीच घरात होता, आणि ऐकणाऱ्यांनी नव्याला जुन्याच्या साच्यात बसवले. फारसी लंगरच मुळात लाङ्गलपासून निघाला असे म्हणणारेही आहेत. असेलही, तरी मराठीत तो शेतातून नव्हे, बंदरातून आला. क्रियापदसुद्धा एकच झाले: शेत नांगरतात आणि होडीही नांगरतात.

म्हणूनच एकाच वसई तालुक्यात ही ओळ दोन तऱ्हांनी ऐकू येऊ शकते. पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्याला तिचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. बागायती करणाऱ्या कुपारी ख्रिस्ती समाजातल्या माणसाला सांगावा लागेल, आणि नगरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तर नक्कीच.

नांगर म्हटला की दोर आला, आणि माझ्या मते आशेचे सगळे मर्म या दोरात आहे. मराठीत आशा धरतात, सोडतात. आशा सुटते, आशा तुटते. ही सगळी दोराची क्रियापदे आहेत. (‘मी आशा करतो की’ हे जे हल्ली प्रार्थनेपासून पत्रकापर्यंत सर्वत्र घुसले आहे, ते मराठी नव्हे. आशा करता येत नाही. ती असते, वाटते किंवा धरावी लागते.) संस्कृत सुभाषितकाराने आशेला ‘काचिदाश्चर्यशृङ्खला’ म्हटले: अशी अजब साखळी, की बांधलेले धावत सुटतात आणि मोकळे झालेले पांगळ्यासारखे उभे राहतात. तुकोबांचे ‘आशाबद्ध जन’ याच साखळीतले. भागवतात तर पिंगलेच्या कथेत ‘नैराश्यं परमं सुखम्’, म्हणजे आशा सुटणे हेच परम सुख, असे म्हटले आहे.

आणि हिब्रूत आशेसाठी शब्द आहे ‘तिक्वा’. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहोची राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते. शहर पडणार आहे, आणि ती दोरी पाहून तिचे घर वाचवले जाणार आहे. त्या दोरीसाठी हिब्रूत शब्द आहे तिक्वाच! पीळ देणे आणि वाट पाहणे हे दोन्ही अर्थ त्या धातूला चिकटलेले सांगतात. बंधन तेच, पण आपल्या संतांना ते सोडवायचे होते आणि राहाबला त्याच्यामुळे जीव लाभला. ख्रिस्ती मराठीने ‘आशा’ हा शब्द घेतला तेव्हा त्याची ही दुसरी बाजू मराठीत आली, असे मला ठामपणे वाटते. कोशांत आशेसमोर नुसते ‘इच्छा, अपेक्षा’ लिहून थांबणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी होती.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सत्ताविसावा, या दृष्टीने पुन्हा वाचावा. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, वाचण्याची आशा उरलेली नाही. पौलासह जहाजावर 276 माणसे. रात्री पाण्याची खोली मोजतात, ती कमी होत चाललेली. मग मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट पाहतात. त्या रात्री करण्यासारखे तेवढेच होते, आणि सगळे जण माल्टाच्या किनाऱ्याला जिवंत लागले. रोमच्या भुयारी दफनभूमींत, प्रिसिल्लाच्या नावाच्या भुयारात विशेष, छळाच्या काळातल्या थडग्यांवर नांगर कोरलेले आहेत. एकही नांगर शेतातला नाही.

राहिला देवाच्या राज्याचा प्रश्न. ते म्हणजे मेल्यावर गाठायचा स्वर्ग नव्हे. ‘तुझे राज्य येवो’ अशी प्रार्थना आहे, ‘आम्हांला तिकडे ने’ अशी नाही. ग्रीक ‘बासिलेया’त मुलखापेक्षा राजेपणाचा अर्थ अधिक आहे, ‘शिवाजी महाराजांच्या राज्यात’ म्हणताना आपण सत्ता आणि काळ दोन्ही सांगतो तसा. मत्तय ‘स्वर्गाचे राज्य’ लिहितो, त्यामुळे गोंधळ होतो. पण बहुतेक अभ्यासकांच्या मते तो यहुदी रीतीने देवाचे नाव घेणे टाळतो. नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यात जी मंडळी उभी केली, तिचे नाव ‘देवाचा दरबार’ ठेवले. दरबार जिवंत माणसांचा भरतो, आणि हाही शब्द फारसीच, हे मला फार आवडते.

त्या उपदेशकांना शेतावरच बोलायचे असेल, तर त्यांनी लूक 9:62 घ्यावे. नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही, असे येशू तिथे म्हणतो. तिथला ग्रीक शब्द आहे ‘आरोत्रोन’, आणि तो खरोखर बैलांचा आहे.