उर्दू वेच्यांचं पुस्तक घेताय? समोरच्या पानावर देवनागरी नको

दादा, आजोबांचे निजामकाळातले जमिनीचे कागद वाचायला उर्दू शिकताय आणि वेच्यांचं पुस्तक कोणतं घ्यावं असं विचारलंत. मी बीडकडचा, त्याच खड्ड्यात पडून आलोय. अलिफ-बे, म्हणजे उर्दूची मुळाक्षरं, झालंय असं धरतो.

माझ्या पुस्तकात एका पानावर उर्दू उतारा, समोर तोच देवनागरीत. चार महिन्यांत चाळीस वेचे संपवले, घरी शेर म्हणून दाखवायचो. पण डोळा सगळा देवनागरीवर! नुक्ते, म्हणजे अक्षरांच्या वरखालचे ठिपके, कधी नीट पाहिलेच नाहीत. मग कागद उघडला आणि क्षेत्र वाचलं 'तीस गुंठे'. उर्दूत 'बीस' आणि 'तीस' यांचा सांगाडा एकच. फरक पहिल्या अक्षराचा: बे ला खाली एक नुक्ता, ते ला वर दोन. घाईत लिहिणाऱ्या कारकुनानं नुक्ता दिलाच नव्हता. होते वीस. मी तीस धरून अर्ज ठोकला.

कार्यालयाचं नाव घेत नाही. सर्वे नंबरची बेरीज जुळेना म्हणून अर्ज परत, "अधिकृत भाषांतर आणा." कोण करून देतं? "ते आमच्याकडं नाही." उर्दू वाचणारं त्यांच्याकडं कुणी उरलेलंच नव्हतं. अकरा चकरा, चौदा महिने. साहेब जेवायला गेलेत, हे तर मला पाठ झालं होतं.

तर माझं मत (मी वकील नाही, शिक्षकही नाही): समोर देवनागरी असलेला संग्रह फुकट मिळाला तरी नको. कठीण शब्दांचे अर्थ वेच्याच्या शेवटी देणारा बघा, गद्य जास्त असलेला. सिराज औरंगाबादी हा जुना शायर आपल्याच मातीतला, मोह होतो. पण गझलेत शब्द वृत्तासाठी मागंपुढं होतात, वाक्य कसं बांधतात ते कळत नाही. त्यापेक्षा गालिबची पत्रं असली तर तिथून सुरू करा, समोर बसून बोलल्यासारखी आहेत. आणि रोज एक वेचा नुक्ते न देता वहीत उतरवा, आठवड्यानं तीच वही वाचून बघा. घाम फुटतो, पण कागद असेच असतात.

वल्द (अमक्याचा मुलगा), काबिज (ताबा असलेला), पट्टेदार (ज्याच्या नावे जमिनीचा पट्टा तो) हे शब्द साहित्याच्या वेच्यांत क्वचितच भेटतील, त्यांची यादी वेगळी करा. सन फसली (निजामकाळातलं महसुली वर्ष) असेल तर इंग्रजी सनासाठी ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

हो, आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका. आमच्या धाकट्यानं केला.