मोठ्या जेट बोटीला खरोखर किती पेट्रोल लागते आणि एका टाकीत ती किती दूर जाते?

२४-२५ फुटी, दोन इंजिनांची जेट बोट, म्हणजे पाण्याच्या झोताने चालणारी बोट, घेण्याचा आपला विचार आहे, ती एका टाकीत किती मैल जाईल आणि अशी बोट प्रॉपेलरच्या बोटीपेक्षा फार पेट्रोल पिते हे खरे आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर आकड्यांत देतो. दुसऱ्या भागाला मात्र विस्ताराने उत्तर द्यावे लागेल, कारण "जेट बोटीचे पेट्रोल वाटेत संपते" हे वाक्य मी गेली काही वर्षे आमच्याच घरात, माझ्याच बोटीविषयी ऐकत आलो आहे, आणि ते ज्या प्रसंगावरून म्हटले जाते त्या प्रसंगाची मैलागणिक नोंद माझ्या वहीत आहे.

माझी बोट २४ फुटी असून तिला १.८ लिटरची दोन इंजिने आणि दोन्हींत मिळून ५० गॅलनची, म्हणजे सुमारे १९० लिटरची, एकच टाकी आहे. त्यातले शेवटचे चार-पाच गॅलन नळीपर्यंत पोहोचतीलच असे नसल्याने मी हिशेब ४५ गॅलनचाच धरतो. ताशी २७ ते ३० मैलांच्या वेगाला सहा-सात माणसे आणि सामान घेऊन ती गॅलनला २.३ मैल जाते. थ्रॉटल पूर्ण उघडला तर तोच आकडा १.६ वर येतो. सर्वांत वाईट वेग ताशी १० ते १५ मैलांचा, कारण तेव्हा बोटीचे नाक वर आणि मागची बाजू पाण्यात रुतलेली असते आणि ती स्वतःचीच लाट चढत राहते. तेव्हा एक शांतपणे २८ ने चालणारा चालक साधारण १०० मैल जाईल आणि मुलांना ट्यूबवर बसवून दिवसभर गोल फिरवणारा दुपारी तीनलाच पंपावर दिसेल. बोट तीच.

प्रॉपेलरच्या तुलनेत जेट जास्त पिते, हे मी कधीच नाकारलेले नाही. मोठा प्रॉपेलर पुष्कळ पाणी सावकाश मागे ढकलतो, तर जेट थोडे पाणी फार वेगाने मागे फेकते, आणि तेवढाच जोर मिळवायला दुसऱ्या पद्धतीत अधिक शक्ती वाया जाते. त्यातच तळाच्या जाळीतून पाणी आत ओढणे, ते उचलणे आणि नळीतून वळवणे यांचीही किंमत मोजावी लागते. बोट जितकी हळू आणि ओझे जितके जड, तितकी ही उधळपट्टी वाढते. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढच्या प्रसंगाचे सगळे मर्म त्यात आहे.

जून २०२२ मध्ये आम्ही आणि आमचे साडू, दोन बोटी घेऊन अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर, म्हणजे कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या तलावावर, गेलो होतो. त्यांची बोट साधारण माझ्याच लांबीची, पण एका व्ही-८ इंजिनाची आणि प्रॉपेलरची. त्या वर्षी तलाव पूर्ण भरल्यावरच्या ३,७०० फुटांच्या पातळीपेक्षा दीडशे फुटांहून अधिक खाली गेला होता. त्यामुळे वाहवीपच्या धक्क्याहून वर जाण्याचा कॅसल रॉक कट हा जवळचा मार्ग कोरडा पडून बंद होता आणि ग्लेन कॅन्यन धरणाकडून अँटिलोप बेटाला वळसा घालून जावे लागत होते. हा फेरा एका बाजूने सुमारे १२ मैलांचा. वर जाताना जिथे पूर्वी पेट्रोल मिळत असे, तो डँगलिंग रोपचा तरंगता पंपही २०२१ पासून बंद होता. थोडक्यात, अँटिलोप पॉइंटचा पंप सोडल्यावर रेनबो ब्रिज या नैसर्गिक दगडी कमानीच्या खाडीपर्यंत आणि परत, जे काही बरोबर असेल तेवढ्यावरच भागवायचे होते.

मी पाच-पाच गॅलनचे चार कॅन भरून आणले होते. साडूंचे म्हणणे पडले की त्यांच्या थंडपेटीला जागा नाही, एवढे पेट्रोल लागत नसते आणि मी उगाच घाबरवतो. मोठ्या माणसाशी धक्क्यावर, सगळ्यांसमोर वाद नको म्हणून मी दोन कॅन गाडीत परत ठेवले. ही माझी चूक झाली, आणि मी मान्य करतो ती एवढीच.

अँटिलोप पॉइंटहून जाताना ४७ मैल भरले. खाडीत लाट न उठवता हळू चालवावे लागले, त्यात तीन गॅलन वेगळे गेले. परतताना वाटेतल्या पाद्रे बे या उपसागराच्या तोंडाशी साडूंनी काठ जवळ करून वळण कापले आणि पाण्याखाली हातभर खोल असलेल्या वालुकाश्माच्या पायरीवर त्यांचा प्रॉपेलर आदळला. मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा तीन पात्यांपैकी एक मुळापासून तुटलेले आणि उरलेली दोन वाळत चाललेल्या अळूच्या पानासारखी कडेने दुमडलेली होती. इंजिन सुरू होत होते, बोट मात्र फक्त थरथरत होती. मोबाइलला रेंज नव्हती, रेडिओवरून चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, दोनदा हाक दिली, पण उंच कड्यांमध्ये उत्तर आले नाही. दोन्ही बोटींत मिळून पाच मुले होती, दुपारचा वारा सुटला होता. मी दोर बांधला आणि त्यांना ओढायला लागलो.

तेव्हा माझ्याकडे १८ गॅलन वापरण्याजोगे पेट्रोल होते आणि अँटिलोप पॉइंट १६ मैलांवर होते. एकट्या बोटीला त्यासाठी सात गॅलन पुरले असते. पण दोन-अडीच टनांची दुसरी बोट मागे घेऊन ताशी सहा मैलांनी रखडताना जेट तेच करते जे वर सांगितले. दोन्ही इंजिने घुमत होती, मागून पांढरे पाणी उसळत होते, दोर तारेसारखा ताणला जाऊन थेंब झटकत होता आणि आम्ही कड्यावरचा एकच काळा पट्टा दहा-दहा मिनिटे पाहत होतो. १४ मैलांत १८ गॅलन गेले. आधी उजवे इंजिन खोकले, मग डावे, आणि नॅव्हाहो कॅन्यन मागे टाकल्यावर, पंप दोन मैलांवर असताना आम्ही थांबलो. अर्ध्या तासाने मासेमारीच्या बोटीतून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांच्याकडचे पाच गॅलन दिले आणि पैसे घेतले नाहीत.

आता साडूंच्या घरी दर गणपतीला ही गोष्ट "ह्याच्या जेटचे पेट्रोल संपले" एवढ्यापुरतीच सांगितली जाते. पेट्रोल संपले हे खरे आहे. पण ते प्रॉपेलरच्या बोटीला घरी आणताना संपले, आणि मागे ठेवलेल्या दोन कॅनपैकी एक जरी बरोबर असता तरी संपले नसते. मोजमाप हवे असेल तर तेही देतो. दुर्घटनेपर्यंत दोन्ही बोटी ७८ मैल बरोबरीने चालल्या. हळू चालवलेले वेगळे धरता माझे ३४ गॅलन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेल्या पेट्रोलवरून त्यांचे २६. म्हणजे माझ्या बोटीला सुमारे तीस टक्के अधिक लागले. हा फरक खरा आहे, तो खिशाला जाणवतो, पण त्याने कोणी तलावाच्या मधोमध अडकत नाही. अडकतात ते राखीव साठ्यावर तडजोड केल्यामुळे, मग बोट कोणतीही असो. त्याच पायरीवरून माझी बोट गेली असती तर कदाचित तळाला ओरखडा आला असता, पण पाण्याखाली लोंबणारे पाते नसल्यामुळे ती घरी आली असती. बिल हॅमिल्टन यांनी न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी १९५० च्या दशकात जेट विकसित केले ते याच कारणाने, आणि १९६० मध्ये ह्याच कोलोरॅडो नदीत, पॉवेलच्या खालच्या अंगाला, ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या त्या जेट बोटीच होत्या.

तेव्हा आपण बोट घेताना विक्रेत्याने सांगितलेली रेंज अजिबात धरू नये. टाकीचा तिसरा हिस्सा जाण्यासाठी, तिसरा येण्यासाठी आणि तिसरा राखीव, हा जुना नियम पाळावा आणि नातेवाइकांच्या सोयीसाठी तो मोडू नये. मी त्या दिवशी ५५ गॅलनपैकी जेमतेम पाचवा हिस्सा राखला होता. चारही कॅन असते तर तो जवळजवळ तिसरा झाला असता.

हे सगळे आकडे माझ्या एका बोटीचे आणि साडेतीन हजार फुटांवरच्या तलावाचे आहेत. तेवढ्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची सुमारे दहा टक्के शक्ती जाते, त्यामुळे समुद्रसपाटीला आपल्याला थोडे बरे आकडे मिळू शकतात. २७ फुटी बोट मात्र याहून अधिक पिईल. लाटेवर खेळण्यासाठी बोटीत पाण्याच्या पिशव्या भरणार असाल तर प्रत्येक लिटरमागे एक किलो ओझे वाढते हेही धरावे. शिवाय वाळूच्या पाण्यात इम्पेलर, म्हणजे जेटच्या पंपातले फिरणारे चक्र, आणि त्याभोवतीची कडी झिजते, त्यांच्यातली फट वाढते आणि वेग तोच ठेवायला इंजिन अधिक फिरवावे लागते. माझी बोट कडी बदलण्यापूर्वी २.३ वरून २ वर आली होती. जुनी बोट पाहायला जाल तेव्हा ती ट्रेलरवर असताना, किल्ली काढून घेऊन, टॉर्चने दोन्ही पंपांच्या आत ती फट पाहून घ्यावी.