रुग्णालयांच्या अग्रक्रमांवर टीका करताना उपहासलेखक उपरोध आणि अतिशयोक्ती कशी वापरतात?

अलंकारांच्या व्याख्या आपल्याला शाळेपासून ठाऊक असतील, म्हणून त्या देत नाही. व्याजस्तुती आणि व्याजोक्ती यांची गल्लत मात्र करू नका. वरवर स्तुती आणि आतून निंदा ती व्याजस्तुती. खरे कारण झाकून भलतेच सांगणे ती व्याजोक्ती. रुग्णालयावर लिहिताना आपल्याला पहिली उपयोगी पडते, कारण दुसरी रुग्णालये स्वतःच बिलात वापरतात.

2022 च्या पावसाळ्यात माझे वडील न्हाणीघरात पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. रात्री साडेअकराच्या सुमारास आम्ही त्यांना नाशिकमधल्याच एका नव्या, चकचकीत रुग्णालयात नेले. दारात निळ्या दिव्यांचे कारंजे होते आणि ते त्याही वेळी जोरात चालू होते. स्ट्रेचरचा एका बाजूचा कठडा मात्र बँडेजच्या पट्टीने बांधलेला होता. अनामत रकमेच्या खिडक्यांवर तीन माणसे जागी होती. अपघात विभागात एकच तरुण डॉक्टर होता आणि तो एक्स-रेच्या तंत्रज्ञाला पुन्हा पुन्हा फोन लावत होता. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार दर्शनी भागात लावावयाची रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर होती, फक्त तिच्यापुढे प्लॅस्टिकच्या पामची कुंडी ठेवलेली होती. (वडील पुढे बरे झाले आणि आता काठी घेऊन रोज गोदाकाठी जातात.)

मी रीतसर लेखी तक्रार केली. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढेच उत्तर आले. मग कॉलनीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मी एक अभिनंदनपत्र लिहिले. कारंज्याची प्रकृती उत्तम असल्याबद्दल व्यवस्थापनाचे अभिनंदन केले. त्याच्या देखभालीस रात्रपाळीला माणूस असतो, त्याचे पाणी वेळेवर बदलले जाते आणि त्याच्याकडून अनामत मागितली जात नाही, हे कौतुकाने नोंदवले आणि शेवटी, माझ्या वडिलांना यापुढे कारंजे म्हणून दाखल करून घ्यावे, अशी नम्र विनंती केली.

आमचे मेहुणे औषधांच्या वितरणात आहेत आणि त्या रुग्णालयात त्यांची आठवड्याला एक फेरी असते. ते म्हणाले, “हे धादांत खोटे आहे. माणसाला कारंजे म्हणून कोण दाखल करते?” हा वाद आमच्यात अद्याप मिटलेला नाही, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. अतिशयोक्ती खोटी तेव्हा ठरते, जेव्हा ती वस्तुस्थितीतच भेसळ करते. खिडक्यांवरची तीन माणसे मी तीनच ठेवली. त्यांची तीस केली असती, तर व्यवस्थापनाला एका ओळीच्या खुलाशात सुटता आले असते. ताणायचा तो निष्कर्ष, आणि तोही वस्तुस्थिती आधीच ज्या बाजूला कलली आहे त्याच बाजूला. उपरोधासाठी मात्र लिहिणाऱ्याने अखेरपर्यंत गंभीर राहावे लागते. त्याला स्वतःलाच हसू फुटले की वाचक सुटतो.

1981 साली बीबीसीच्या ‘येस मिनिस्टर’ या सरकारी कारभारावरच्या विनोदी मालिकेच्या एका भागात पाचशेहून अधिक कर्मचारी असलेले आणि एकही रुग्ण नसलेले रुग्णालय दाखवले होते. अशक्य वाटणारी गोष्ट तेवढी एकच. रुग्ण नसले तरी एवढे कर्मचारी लागतातच, हा पुढचा सनदी अधिकाऱ्याचा युक्तिवाद तंतोतंत सरकारी कचेरीतला आहे, म्हणून तो झोंबतो. तो भाग मी मेहुण्यांना मुद्दाम दाखवला. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “ते विलायतेतले आहे.”

येथे हेही मान्य केले पाहिजे की उपरोध फसतोही. शेजारच्या एका काकूंनी माझा लेख वाचून त्या रुग्णालयाचा पत्ता मागितला, कारण इतकी चांगली निगा त्यांना कुठे दिसली नव्हती. रात्रपाळीच्या परिचारिका आणि तो फोन लावणारा डॉक्टर यांच्यावर हे हत्यार चालवू नये, कारण अग्रक्रम ते ठरवत नाहीत. आणि 21 एप्रिल 2021 रोजी याच शहरात महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले, तशा घटनेवर उपहास मलाही सुचत नाही. तेथे सरळ वाक्येच लिहावीत.

मेहुणे हे उत्तर वाचतील, याची मला खात्री आहे. पुढच्या फेरीत ती कुंडी अजून सनदेपुढेच आहे का, एवढे त्यांनी पाहून सांगावे.