‘शौर्य’ नको, ‘बाणेदारपणा’ हवा

अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्राध्यापक आणि कार्यकर्ते यांच्याविषयीच्या लेखात ‘ब्रेव्हरी’साठी ‘शौर्य’ योजावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते योजू नये. शौर्याला समोर शत्रू आणि हाती शस्त्र लागते. या मंडळींसमोर असतात ते सहकारी, निवड समित्या आणि नियामक मंडळे, आणि पणाला लागते ती नोकरी. ‘साहस’ही मला रुचत नाही. धर्मशास्त्रात तो बळजबरीच्या गुन्ह्याचा शब्द होता, आणि अविचाराची छटा त्याला आजही चिकटलेली आहे.

डेरिक बेल यांचेच पाहा. हार्वर्डच्या विधी विद्यालयात कायम प्राध्यापकपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय, वर्ष १९७१. तेथे एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला तसे पद दिले गेलेले नाही, याच्या निषेधार्थ १९९० मध्ये ते बिनपगारी रजेवर गेले आणि रजेची दोन वर्षांची मर्यादा संपल्यावरही परतले नाहीत, तेव्हा विद्यापीठाने त्यांचे पद संपुष्टात आणले. (ती नेमणूक अखेर १९९८ मध्ये लानी ग्विनियर यांच्या रूपाने झाली.) मानाची जागा तत्त्वासाठी सोडून देण्याच्या या वृत्तीला मराठीत ‘बाणेदारपणा’ म्हणतात. रामशास्त्री प्रभुण्यांच्या नावाशी हे विशेषण जडले, तेही सत्तेपुढे न झुकता पद सोडल्यामुळेच.

अँजेला डेव्हिस यांना मात्र हा शब्द पुरा पडत नाही, कारण त्या जागा सोडून गेल्या नाहीत, जागेवर ठाम राहिल्या. कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य असल्याच्या कारणावरून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने १९६९ मध्ये त्यांना काढले, तरी लॉस एंजेलिस येथे त्यांनी तत्त्वज्ञानाचे व्याख्यान दिलेच. न्यायालयाने ती कारवाई अवैध ठरवली. पुढच्या वर्षी मंडळाने त्यांच्या भाषणांतील प्रक्षोभक भाषेचे कारण दाखवून त्यांना पुन्हा दूर केले. येथे मी ‘धैर्य’ लिहीन, पण जपून. हा शब्द ‘धीर’पासून आला आहे आणि ‘धीर धरा’ म्हणजे थांबा, जे कृष्णवर्णीयांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. म्हणून ‘त्यांनी धैर्याने सहन केले’ ही रचना टाळावी. ‘त्यांनी धैर्याने विरोध केला’ असे लिहिल्यास घोटाळा राहत नाही.