मनाचा दवाखाना: लहानपणीचा मार आणि सीमेवरचा आघात

प्रश्न: हे सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. काश्मीरमध्ये ह्यांचा जोडीदार ह्यांच्यासमोर गेला. अजून रात्री ओरडत उठतात, गणपतीत फटाके वाजले की दार लावून बसतात. रोज पितात. तुकडीतले बाकीचे ठीक आहेत. सासूबाई म्हणतात, लहानपणी मामंजींचा फार मार खाल्ला. त्याचा संबंध असेल का?
– एक भगिनी, शिरोळ तालुका

उत्तर: ताई, संबंध असू शकतो. व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांचा एक अभ्यास 1993 मध्ये आला. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मनाचा आजार, झालेल्यांपैकी 26 टक्क्यांनी लहानपणी मारहाण सोसली होती, न झालेल्यांपैकी 7 टक्क्यांनी. लढाई कुणी किती पाहिली हे हिशेबात धरूनही फरक उरला. मार कधी पडेल याचा नेम नसलेल्या घरात मुलाचं शरीर सतत सावध राहायला शिकतं. पुढे मोठा आघात झाला की ही सावधगिरी उतरतच नाही. पण मार खाल्लेल्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, आणि सुखात वाढलेल्यालाही होतो. म्हणून ‘बाकीचे ठीक आहेत’ हे त्यांना कधीच ऐकवू नका.

दारूने झोप लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि स्वप्नं वाढतात. तरी रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. दारूवर झोपेची गोळी तर मुळीच नको, श्वास मंदावतो.

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफरल घ्या. नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. तिथे सीमेवरचं आणि लहानपणचं, दोन्ही सांगा. लहानपणचं सहसा कुणी काढत नाही, मग उपचार अर्धवट राहतात. आघातावर काम करणारी समुपदेशनाची सत्रं साधारण 8 ते 15 लागतात. सुरुवातीला आठवणी उफाळतात आणि नेमकी तिथेच माणसं येणं सोडतात. तेव्हा तुम्ही सोबत जा. या आजारावरच्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

रात्री ओरडले तर अंगाला हात लावून हलवू नका, झोपेत हात उगारला जाऊ शकतो. दिवा लावा, पायाकडे थोडं लांब उभं राहून नावाने हाक मारा, ‘आपण घरी आहोत’ म्हणा. जगण्यात राम नाही असं बोलले तर त्याच दिवशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा; मोफत आहे, मराठीत बोलता येतं.